तळ्याकाठी उघड्यावर प्रवासचित्रांचं प्रदर्शन: मूळ चित्रं लावू की प्रती?

पायवाट

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सवडीने वाचा.

गेली अकरा वर्षं मी जिथे जाते तिथे चित्र काढते. जलरंगच, आणि जागेवर बसूनच पुरं करायचं, घरी आणून त्याला हात लावायचा नाही, हा माझा नेम. त्यामुळे चित्रं लहान आहेत. पाठीवरच्या पिशवीत पाटी मावते तेवढीच, २८ बाय ३८ सेंटीमीटर. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), कापसाचा. इतकी वर्षं सगळी कपाटाच्या खणात पडून होती. आता सात आठवड्यांनी एका तळ्याच्या काठावर, लोक जिथे सकाळ-संध्याकाळ फिरायला येतात त्या वाटेवर, ती मांडायची संधी आली आहे. दोन दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. बासष्टांतली ३४ निवडली आहेत.

जागा मी तीन वेळा जाऊन पाहिली. सकाळी १० वाजता पाणी आरशासारखं स्तब्ध. दुपारी ३ वाजता पाण्याकडून वारा सुटलेला, माझी टोपी दोनदा उडाली. संध्याकाळी ५ला पाण्यावरून अशी तिरीप येते की डोळे बारीक करूनच उभं राहावं लागतं. वाटेच्या एका बाजूला मोठी झाडं आहेत, पण त्यांची सावली दिवसभर सरकत राहते.

ज्यांना दाखवलं ते सगळे म्हणतात, मूळ चित्रं नेऊच नकोस. चांगल्या प्रती छापून घे, पत्र्यावर चिकटव, ऊन-पाऊस काही आला तरी चिंता नाही. मला पटतं आणि पटतही नाही. त्याचं कारण सांगते.

एका खिंडीत पहाटे चित्र काढत होते. थंडी इतकी की आकाशाचा निळा हात फिरवला आणि तो वाळायच्या आत गोठला. कागदावर बर्फाचे स्फटिक धरले आणि रंग त्यांच्या कडेकडेने सरकला. नंतर बर्फ गेलं, पण आकाशभर नेच्याच्या पानांसारखी नक्षी राहिली. ती मी काढलेली नाही. दुसऱ्या एका चित्रात बंदर आहे, त्यावर पावसाचे सात थेंब पडले होते, ते सातही मोजता येतात. प्रत काढली की हे सगळं दिसतं, पण छापलेलं दिसतं. कागदाचा दाणा, त्यात अडकलेला रंगाचा कण, थेंबाची उठलेली कड, हे तिरक्या उजेडात बघायचं असतं. लोकांना माझी सफर दाखवायची तर हेच दाखवायचं आहे.

तर विचारायचं असं: मूळ जलरंग दोन दिवस उघड्यावर ठेवणं शहाणपणाचं आहे का? ठेवायचेच झाले तर कसे? स्टँड कुठल्या तोंडाने लावायचे? आणि स्केचबुकातली अर्धवट पानं, ज्यांवर नुसत्या खुणा आणि रंगांची नावं लिहिली आहेत, ती लावण्यात काही अर्थ आहे का?

चौकट

पायवाटताई, मी फ्रेमा करतो, तेवढ्यापुरतं सांगतो.

काच नको. पडली की फुटते आणि तुकडा आधी कागदच कापतो. २ किंवा ३ मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट घ्या, अतिनील किरण अडवणारी मिळाली तर तीच. पण ती लावली म्हणून रंग उडायचा थांबला असं समजू नका, दिसणारा उजेडही रंग खातो. चित्र आणि शीट यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड, हवाच, ॲसिड-फ्री बोर्डाचा, आणि जाड. चित्र शीटला टेकता कामा नये. चित्र माउंटला चारही बाजूंनी चिकटवू नका, वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या पुरेत. ओलाव्याने कागद फुगतो, त्याला खाली पसरायला जागा लागते, नाहीतर मध्ये पोट येतं.

मागची बाजू टेपने पूर्ण बंद करा. टांगायला एका हुकावर दोरी नको, वाऱ्यात फ्रेम लंबकासारखी झुलते. दोन बाजूंना दोन डी-रिंग (डी आकाराच्या कड्या), आणि खालून केबल टायने स्टँडच्या जाळीला बांधा. कोळशाची किंवा पेस्टलची चित्रं असतील तर त्यांना ॲक्रिलिक लावू नका. पुसताना त्यात स्थिर वीज येते आणि भुकटी ओढून घेते. जलरंगाला तो धोका नाही.

ओला कागद

तुमचा प्रश्न वाचला आणि उठून माझ्या बंदराच्या चित्रापाशी जाऊन आलो. कारण पुढे येईल.

मी तीन वेळा पाण्याकाठी चित्रं मांडली आहेत, दोनदा तळ्याशी आणि एकदा नदीशी. त्यामुळे आधी तोंड कुठे करायचं ते सांगतो, कारण तिथेच सगळे चुकतात, मीही चुकलो.

पहिल्या वेळी मी स्टँड काठाला समांतर लावले, चित्रांची पाठ पाण्याकडे. वाटलं, चित्र आणि मागे तळं, किती देखणं दिसेल. लांबून दिसलंही. जवळ आल्यावर मात्र माणसाच्या डोळ्यात चित्राच्या भोवतीचं पाणी चमकतं, बुबुळ आकसतं, आणि चित्र काळवंडलेलं दिसतं. लोक हाताची झापड करून बघत होते. दुसऱ्या दिवशी उलटं केलं, चित्रांचं तोंड पाण्याकडे. आता प्रत्येक शीटमध्ये तळं. सूर्य डोक्यावर असताना पाणी फार तर २-३ टक्के उजेड परत फेकतं, पण तोच क्षितिजापासून १० अंशांवर उतरला की जवळजवळ एक तृतीयांश. तुम्हाला ५ वाजता आलेली तिरीप ती हीच.

तिसऱ्या वेळी स्टँड काठाशी काटकोनात लावले. म्हणजे वाटेने चालताना एक भिंत, तिच्या दोन्ही अंगांना चित्रं, मग मोकळी जागा, मग पुढची भिंत. बघणाऱ्याच्या एका खांद्याला तळं, दुसऱ्या खांद्याला झाडं. ना मागून झळाळी, ना शीटमध्ये पाणी. आणि याचा दुसरा फायदा मला तिथे उभं राहिल्यावर कळला. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा उठते, आणि तिची जागा घ्यायला तळ्यावरची गार हवा काठाकडे येते. तुमची ३ वाजताची टोपी तिनेच उडवली. स्टँड समांतर असेल तर ही हवा त्याच्या पोटात बसते. काटकोनात असेल तर कडेने निघून जाते.

तरी गाफील राहू नका, वारा दिशा बदलतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १ बाय २ मीटरच्या भरीव फळीवर ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून आला तर निदान ९ किलोंचा रेटा बसतो, ६०चा आला तर ३५च्या आसपास. वेग दुप्पट, रेटा चौपट. आयोजकांचे भरीव फळ्यांचे स्टँड असतील तर नाही म्हणा. जाळीचे मागा, दोन-दोन जोडून कोनात उभे करा, पायांवर वाळूच्या गोण्या ठेवा. पाण्याच्या डब्यांपेक्षा गोण्या बऱ्या, त्या घरंगळत नाहीत.

वरती छत करणार असाल तर निळी ताडपत्री चुकूनही नको. तिच्याखाली माझी सगळी वाळवंटं तासभर पहाटेसारखी दिसत होती. पांढरं सुती कापड, दुहेरी. त्यातून उतरलेला उजेड मऊ असतो आणि रंग बदलत नाही.

आता माझं बंदर. दुसऱ्या प्रदर्शनाची गोष्ट. पहिला दिवस छान गेला, रात्री फ्रेमा घरी कशाला न्यायच्या म्हणून तिथल्याच एका खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या. दिवसभर कागदाने ओलावा प्यायला होता. रात्री गारठा पडला, प्लास्टिकमुळे ओलावा बाहेर जाईना, आणि तो शीटच्या आतल्या बाजूला दव होऊन बसला. बंदराच्या चित्राला मी माउंट लावला नव्हता, घाई होती. होडीचं पोट मी जवळजवळ घट्ट रंगाने रंगवलं होतं, डिंक भरपूर असलेला काळसर निळा. सकाळी शीट उचलली तर ते पोट शीटला चिकटून वर आलं. कागदावर होडीच्या जागी फिकट करडा डाग, आणि माझ्या हातातल्या पारदर्शक शीटवर उलट्या तोंडाची पूर्ण होडी, तिच्या खालची सावलीसुद्धा. मी बराच वेळ ती शीट तशीच धरून उभा होतो. त्या बंदरात मी पुन्हा गेलेलो नाही. म्हणून चौकटदादांनी माउंटचं सांगितलं ते एक अक्षरही सोडू नका. आणि रात्री चित्रं प्लास्टिकमध्ये नाही, सुती चादरीत, घरात, उभी.

इतकं सगळं सांगूनही माझं मत असं की मूळ चित्रं न्या. सगळी ३४ नाहीत. उघड्यावर भरपूर उजेडात रंग खोलीतल्यापेक्षा भरलेले दिसतात, गडद भागातलं काम उघडतं. दिव्याखाली जो नुसता काळोख वाटायचा त्यात तुम्हीच घातलेला जांभळा पहिल्यांदा नजरेला पडतो. शिवाय तुमची चित्रं अशाच उजेडात बसून काढलेली आहेत.

स्केचबुकाचं विचारलंत. फ्रेंच चित्रकार द्‌लाक्रवा १८३२ मध्ये एका राजनैतिक मंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. तिथे आणि वाटेत त्याने वह्यांच्या वह्या भरल्या, रेखाटनांवरच रंगांची नावं लिहीत. त्याचं अल्जियर्सच्या स्त्रियांचं प्रसिद्ध चित्र तिथे बसून काढलेलं नाही, ते पॅरिसला परतल्यावर १८३४चं. त्या वह्या आज त्याच्या मोठ्या चित्रांइतक्याच आवडीने बघितल्या जातात. तुमची खुणांची पानं जरूर लावा. खरं तर मला तीच आधी बघायची आहेत.

पायवाट

ओला कागद, तुमची होडी डोळ्यांसमोरून जात नाही. काटकोनाचं तर मला कधी सुचलंच नसतं. काल पुन्हा जाऊन चार काठ्या रोवून बघितलं, ५ वाजता सुद्धा नीट दिसतं.

एक शंका राहिली. माझ्या चित्रांत दोन रंग असे आहेत की त्यांच्याबद्दल मला खात्री नाही. एक झगझगीत गुलाबी, ऑपेरा म्हणून मिळतो तो. भिंतीवर चढलेल्या फुलांच्या वेलीसाठी मी तो एका चित्रात भरपूर वापरला आहे. दुसरा ॲलिझरिन क्रिमझन, तो तर सावल्यांमध्ये जागोजागी आहे. बाकी पेटीत गेरू, अंबर, सिएना, अल्ट्रामरीन, कोबाल्ट, थॅलो असे नेहमीचेच. हे दोन दिवस सोसतील?

जतन

जुन्या कागदांची आणि चित्रांची निगा राखणं हे माझं काम. म्हणून आधी आकडे मांडते, मग तुम्हीच ठरवा.

संग्रहालयात जलरंगांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात (लक्स हे उजेडाचं माप). दिवसाला ८ तास धरले तर ४०० लक्स-तास झाले. कडक उन्हात १,००,००० लक्स असतो. म्हणजे उन्हातला एक तास संग्रहालयातल्या २५० दिवसांइतका. सावलीत बरं असेल असं वाटतं, पण मोकळ्या सावलीतही १०,००० लक्स सहज असतो. तुमचे दोन दिवस, रोजचे ९ तास, म्हणजे १,८०,००० लक्स-तास, संग्रहालयाच्या हिशेबाने ४५० दिवस.

हे वाचून दचकू नका. तुमच्या यादीतले गेरू, अंबर, सिएना, कोबाल्ट, थॅलो हे टिकाऊ रंग आहेत, त्यांना या दोन दिवसांनी डोळ्यांना दिसेल असं काही होणार नाही. अल्ट्रामरीन आम्लाला भितो, उजेडाला नाही. पण तो गुलाबी आणि खरा ॲलिझरिन (नळीवर पीआर ८३ लिहिलेला असतो) यांचं तसं नाही. ऑपेराची ती झगझग फ्लुरोसंट रंगद्रव्याची असते आणि तीच सगळ्यात आधी जाते. आज रात्रीच एक काम करा. कागदाच्या पट्टीवर तुमचे सगळे रंग ओढा, पातळ आणि घट्ट दोन्ही, अर्धी पट्टी ॲल्युमिनियम फॉइलने झाका, आणि ऊन येणाऱ्या खिडकीला चिकटवा. पाच आठवड्यांनी फॉइल काढा. माझ्या शब्दांपेक्षा ती पट्टी जास्त सांगेल.

इंग्रज चित्रकार टर्नरने प्रवासात आणि प्रवासांवरून किती जलरंग केले ते सर्वांना माहीत आहे. त्यातले ३८ हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाने मृत्युपत्राने एडिनबरोच्या नॅशनल गॅलरीला दिले, १९०० साली ते तिथे पोचले. अट अशी की सगळे एकत्र, विनामूल्य, आणि फक्त जानेवारीत दाखवायचे, कारण तिथे तेव्हा उजेड सगळ्यात कमी. डब्लिनला त्याने दिलेले ३१ही त्याच रीतीने जानेवारीत बाहेर निघतात. वर्षाचे अकरा महिने अंधारात राहिल्यामुळे त्यांचे रंग आजही ताजे आहेत. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. रंग उडतात की नाही यावर रसेल आणि ॲबनी यांचा पहिला मोठा शास्त्रीय अहवाल इंग्लंडमध्ये १८८८ला आला होता. व्हॉन त्याच काळात अट घालून मोकळा झाला.

मूळ चित्रांच्या बाजूने मीही आहे. पण कुठलंही एक चित्र अर्ध्या दिवसापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, पाळ्या लावा. आणि ज्यात गुलाबी आहे ते नेऊच नका. त्याची प्रत लावा आणि खाली तसं लिहा. प्रतींना कमी लेखू नका. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २००७ मध्ये आपल्या चित्रांच्या पूर्ण आकाराच्या प्रती फ्रेम करून सोहोच्या गल्ल्यांत टांगल्या होत्या. डेट्रॉइटचं कलासंग्रहालय २०१० पासून आपल्या भागातल्या रस्त्यांवर आणि बागांत तसंच करत आलं आहे. तिथे मूळ चित्र लावायचा प्रश्नच येत नाही.

ओला कागद

जतनताईंचा पाळ्यांचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो घ्याच. एकच भर घालतो. क्ले, माके आणि म्वालिए हे तिघे चित्रकार मित्र एप्रिल १९१४ मध्ये ट्युनिशियाला गेले, सगळं मिळून दोन आठवडे. क्लेने तिथे कैरवानला असताना डायरीत लिहिलं की रंग आणि मी आता एकच, मी चित्रकार आहे. माकेने तेवढ्या दिवसांत तीसहून अधिक जलरंग केले. त्याच वर्षी सप्टेंबरात तो पहिल्या महायुद्धात आघाडीवर मारला गेला, सत्तावीस वर्षांचा. ते कागद तुमच्या कागदांहून मोठे नाहीत, आणि त्या उजेडात त्याला पुन्हा बसता येणार नव्हतं. पाळी लावताना कंटाळा आला तर हे आठवा.

आणि मांडणी प्रवासाच्या क्रमाने करा, रंग जुळवत बसू नका. जपानी चित्रकार हिरोशिगेने तिथल्या तोकाइदो रस्त्याच्या ५३ मुक्कामांची चित्रमालिका केली, निघायचं आणि पोचायचं ठिकाण धरून ५५ चित्रं, रस्त्याच्या क्रमाने. तुमच्याकडे तर लोक खरंच वाटेने चालत जाणार आहेत.

पायवाट

परवा झालं. वचन दिल्याप्रमाणे सगळं लिहिते.

पट्टी आधी. पाच आठवड्यांनी फॉइल सोलली. गेरू, अंबर, कोबाल्ट, थॅलो यांत रेघ शोधूनही सापडली नाही. ॲलिझरिनच्या पातळ भागात रेघ स्पष्ट दिसत होती, घट्ट भागात जेमतेम. आणि ऑपेरा? झाकलेला अर्धा भाग जळता गुलाबी, उघडा अर्धा ओठ पांढरे पडल्यासारखा. मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथेच खाली बसले. ते वेलीचं चित्र चार वर्षं भिंतीवर होतं, खिडकीसमोर. त्याची पूर्वीची झगझग कुठे गेली ते मला इतके दिवस कळलं नव्हतं. रोज बघत होते ना, म्हणून. आता ते खणात आहे. त्याची प्रत लावली आणि खाली लिहिलं, "मूळ चित्र उजेडात ठेवण्याजोगं नाही." लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच चिठ्ठीपाशी थांबले, आणि का ते विचारत राहिले. मी पट्टी खिशात ठेवली होती, ती काढून दाखवत होते. एका मुलीने तिथेच आपली रंगपेटी उघडून नळ्यांवरचे क्रमांक वाचून दाखवले.

मूळ चित्रं १६ नेली, आठ-आठच्या दोन पाळ्या. सकाळची आठ दीड वाजता उतरवायची आणि दुपारची चढवायची. उरलेल्या जागी प्रती. जाळीचे स्टँड मागितले तर मिळाले. झाडाखाली, वर दुहेरी पांढरं कापड, आणि काठाशी काटकोनात. लक्समीटर आणला होता. दुपारी १२ला बाहेर उन्हात आकडा ९०,०००च्या वर, कापडाखाली ३,५००. जतनताई, तुमच्या हिशेबाने प्रत्येक चित्राने महिना-सव्वा महिना खर्चला एका पाळीत, दोन दिवसांत त्याच्या दुप्पट. मी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे मांडून ठेवलंय.

शनिवारी साडेतीनला वारा आला. ओला कागद, तुम्ही म्हणालात तस्साच, पाण्यावरून. कापड फडफडलं, दोन चिठ्ठ्या उडाल्या, स्टँड जागचे हलले नाहीत. गोण्यांवर मी स्वतः एकदा बसूनही बघितलं होतं. रविवारी वारा बाजूने फिरला, तेव्हा मात्र एक भिंत थोडी डोलली. दोघांनी धरली आणि अजून एक गोणी टाकली.

खिंडीचं चित्र मी भिंतीच्या टोकाला, तळ्याच्या बाजूला लावलं होतं, म्हणजे कडेने तिरका उजेड यावा. कुणी काही सांगायच्या आधीच लोक मान वाकडी करून बघायला लागायचे. एक आजी बराच वेळ बघत होत्या. मला म्हणाल्या, "हे तू काढलं नाहीस ना?" मी म्हटलं, नाही आजी, ते बर्फाने काढलं. त्या म्हणाल्या, "वाटलंच," आणि बोट शीटपासून इंचभर लांब धरून एका पानाच्या नक्षीवरून हवेत फिरवत राहिल्या. पावसाच्या थेंबांचं चित्र मुलांनी पळवलं. सात सापडले की ओरडायचे. एकाला आठ सापडले. मी घरी येऊन भिंग घेऊन बघितलं, आठच आहेत. आठवा होडीच्या शिडाच्या कडेत मुरला आहे, इतकी वर्षं मला दिसला नव्हता.

स्केचबुकाची पानं मी प्रत काढून, शिवून, एका टेबलावर दोरीने बांधून ठेवली होती, हात लावा म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोपरे मऊ झाले. "इथे राखाडी, पण कबुतराचा", "कौल ओलं, मग विटकरी" असलं काही लिहिलेलं असतं, ते लोक एकमेकांना वाचून दाखवत होते. क्रम प्रवासाचाच ठेवला. काही जण उलट्या बाजूने आले आणि शेवटाकडून सुरुवातीला पोचले, त्यांनाही काही अडलं नाही.

चूकही सांगते. पहिल्या संध्याकाळी फ्रेमा चादरीत गुंडाळून घरी आणल्या, पण एक गाडीतच राहिली. रात्रभर. सकाळी बघते तर कागदाला मधोमध हलकं पोट आलेलं. माउंट जाड होता म्हणून शीटला टेकलं नाही. चौकटदादा, तुमच्या दोन बिजागऱ्यांमुळे ते दिवसभरात आपोआप बसलं. चारही बाजू चिकटवल्या असत्या तर बसलं नसतं.

आज सगळी चित्रं फ्रेमांतून काढून ब्लॉटिंग पेपरमध्ये ठेवली आहेत. ॲक्रिलिकच्या सोळा शीट पुसून, मध्ये कागद घालून उभ्या ठेवल्यात. पांढरं कापड धुऊन, घडी करून ठेवलंय, दहा मीटर आहे. पुढे तुमच्यापैकी कुणी उघड्यावर चित्रं मांडणार असाल तर मला कळवा, कापड आणि गोण्या दोन्ही देते.